रीजन ५ चं कुलूप: डिस्क प्लेअर निवडण्यामागची पार्श्वभूमी

घरासाठी डिस्क प्लेअर घेताना आजही ‘ऑल रीजन आहे का?’ हे आधी विचारावं लागतं. रीजन म्हणजे जगाचा ठरवून दिलेला भाग: एका भागासाठीची डिस्क त्याच भागाच्या प्लेअरवर चालते. १९८२ च्या सीडीला आणि १९९३ च्या व्हीसीडीला रीजन नव्हता. तो आला डीव्हीडीबरोबर. तिचे पहिले प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात विक्रीला आले.

तेव्हा हॉलिवूडचे चित्रपट अमेरिकेत आधी लागत आणि इतरत्र काही महिन्यांनी. तिथली डिस्क त्याआधीच बाहेर पोचू नये म्हणून स्टुडिओंनी जगाचे सहा भाग करून घेतले. अमेरिका-कॅनडा १, पश्चिम युरोप आणि जपान २. भारत ५ मध्ये, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याचशा भागासोबत. रोख पैसे मोजून घेतलेली डिस्क कुठल्या देशात बघायची हे विकणाऱ्याने ठरवावं, हा अन्यायच होता. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धा-नियामकानेही त्यावर उघड हरकत घेतली होती.

आपल्याकडे हा जाच जाणवला तो अमेरिकेतून येणाऱ्या मुलाबाळांच्या बॅगांमधून. हौसेने आणलेली डिस्क लावावी आणि पडद्यावर नुसती रीजनची सूचना यावी. मग रिमोटवर ठरावीक आकडे दाबून प्लेअर ‘मोकळा’ करून देणारे दुकानदार सापडू लागले.

याच सुमारास दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली, ती अजून सुटलेली नाही. रीजन म्हणजे मुद्दाम घातलेलं कुलूप. भारतातली पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी या टीव्हीच्या पद्धती: पालमध्ये ५७६ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, एनटीएससीत ४८० रेषा आणि जवळपास ३०. रीजन-फ्री प्लेअरला जुना, फक्त पाल टीव्ही जोडला, तर अमेरिकी डिस्क काळी-पांढरी दिसे किंवा चित्र गडगडत राही. दुकानदार मात्र दोन्हीला ‘मल्टी’च म्हणत. हिंदी चित्रपटांच्या कितीतरी डीव्हीडी सगळ्या रीजनसाठी खुल्या, पण एनटीएससी असत.

गाण्याची आवड असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट पालवर २५ च्या वेगाने चालवतात. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर हार्मोनियमवरच्या पांढरी एकचा सूर चढून शेजारच्या काळी एकच्या जवळ जातो. हा दोष डिस्कमध्येच असतो, महागड्या प्लेअरनेही तो जात नाही.

२००६ मध्ये ब्लू-रे ही डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क आली, तेव्हा सहाचे तीन विभाग झाले. अमेरिका आणि जपान ए, भारत सी. २०१६ च्या, त्याहूनही स्पष्ट चित्राच्या फोर-के डिस्कला रीजनच ठेवला नाही. तोवर लोक ऑनलाइन बघू लागले होते आणि त्यानंतरच्या तीनच वर्षांत दोन मोठ्या कंपन्या नवे प्लेअर काढायच्या थांबल्या. त्यामुळे आता अनेकदा जुना प्लेअरच बघावा लागतो. त्यात ब्लू-रे आणि डीव्हीडी यांचे रीजन वेगवेगळे नोंदलेले असतात. रिमोटवरून मोकळा केलेला ब्लू-रे प्लेअर बहुधा डीव्हीडीपुरताच मोकळा असतो. म्हणून पैसे देण्याआधी ए रीजनची एखादी ब्लू-रे समोर लावून बघावी.