फुलपिकांवरील किडींची ओळख

शोभिवंत फुलपिकांचे नुकसान करणारी कीड कोणती, हे झाडावरील खुणा, किडीची अवस्था व शरीररचना यांवरून ठरविण्याची पद्धती. या पिकांत फूल हाच विक्रीचा माल असल्याने पाकळीवरचा लहानसा डागही प्रत उतरवतो. त्यामुळे कीड तुरळक असतानाच ओळखणे भाग पडते. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण या परिचित रसशोषक किडी असून त्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी लांबूनही दिसते.

फुलकिडे जेमतेम १-२ मिमी. लांब असतात व पाकळ्यांच्या बेचक्यात दडतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकले की बारीक, लांबट किडे धावताना दिसतात. भिंगाखाली प्रौढांच्या अरुंद पंखांची केसाळ झालर स्पष्ट होते. त्यांच्या खाण्याच्या रीतीविषयी मतभेद होते. जुन्या वर्णनांत ते ‘खरवडून रस शोषतात’ असे आढळते. मात्र त्यांच्या तोंडात डावा जबडाच विकसित झालेला असतो; त्याने पेशीला भोक पाडून सुईसारख्या अवयवांच्या नळीने रस ओढला जातो, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. रित्या पेशींत हवा शिरल्याने रुपेरी चट्टे पडतात. त्या चट्ट्यांवर विष्ठेचे काळे ठिपके असल्यास निदान बरेच पक्के होते. झाडांना रोग जडवणारे टोस्पो गटातील विषाणू फुलकिड्यांच्या पिल्लांनाच ग्रहण करता येतात, प्रसार मुख्यतः प्रौढ करतात. म्हणून पिल्लेही शोधावीत.

लाल कोळी हा कीटक नव्हे. प्रौढाला आठ पाय असतात, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहा, आणि येथेच गफलत होते. पानावर फिकट ठिपके व खालच्या बाजूस बारीक जाळी ही त्याची खूण. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कॉख यांनी १८३६ मध्ये या कोळ्याच्या टेट्रानिकस अर्टिकी या जातीचे वर्णन केले, तांबडा टे. सिनॅबॅरिनस ही वेगळी जात मानावी की तिचेच रंगरूप, याबद्दल एकवाक्यता नाही. नरांच्या जननांगातील फरक अगदी सूक्ष्म आहे, शिवाय थंडीत सुप्तावस्थेत जाणाऱ्या अर्टिकीच्या माद्याही नारिंगी-तांबड्या होतात. त्यामुळे दोन्ही एकच मानण्याकडे अलीकडे कल दिसतो. किमान केवळ रंगावरून जात ठरवू नये.

कळीवर गोल छिद्र व शेजारी विष्ठा असल्यास अळीचा संशय घ्यावा. मोगऱ्यात अनेक कळ्या रेशमी धाग्यांनी जखडलेल्या दिसल्या तर ती कळी पोखरणारी अळी. कळीमाशीच्या प्रादुर्भावात असे छिद्र दिसत नाही: कळीचा तळ फुगतो, रंग जांभळट होतो आणि कळी वाळते. ती उभी चिरली असता आत बिनपायांच्या फिकट, बारीक अळ्या सापडतात.

चिकट सापळे (पांढऱ्या माशीसाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळेही) उडणाऱ्या प्रौढांचीच नोंद देतात. कोळी व पिठ्या ढेकणाच्या माद्या पंखहीन असल्याने त्यांच्यासाठी पाने उलटून पाहावीच लागतात.