माळावरचं खोकड अंगणात का टिकत नाही

दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापून झाली, हरभरा निघाला, की खान्देशात जेसीबीचे दिवस सुरू होतात. बांध सरकवायचे, बरड सपाट करायची, नाल्याकाठचा उंचवटा शेतात घ्यायचा, ही सगळी कामं पेरणीच्या आत उरकायची असतात. नेमका हाच काळ खोकडाच्या पिल्लांचा. बकेटचे दात मातीत उतरतात, बिळाचं छत ढासळतं आणि आतून राखाडी अंगाची दोन-चार पिल्लं बाहेर येतात. "कुत्रानं पिल्लू शे का हाई?" असं कुणीतरी विचारतं, कुणीतरी एक पिल्लू रुमालात गुंडाळून घरी नेतं. संध्याकाळपर्यंत त्याचा बाटलीनं दूध पितानाचा व्हिडिओ गावभर फिरतो. पावसाळा सरता सरता तेच जनावर गळ्यात दोरीचा तुकडा घेऊन एखाद्या कॉलनीत किंवा महामार्गाच्या कडेला भटकताना सापडतं.

पिल्लू नेणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला खरोखर दया आलेली असते. पण माणसाच्या मायेनं खोकड पाळीव होईल ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे विज्ञानानं फार बारकाईनं तपासलेलं आहे.

आधी जनावर नीट ओळखू. रात्री शिवारात एकानं सुरू केल्यावर बाकीचे ज्याच्या सुरात सूर मिसळतात तो कोल्हा. तो आठ-दहा किलोंचा, कुत्र्याच्या बांध्याचा. खोकड त्याहून खूप लहान, दोन-तीन किलोंचं, मोठ्या मांजराएवढं. पाय काटकुळे, कान मोठे, थूथन निमुळतं, शेपूट झुबकेदार आणि तिचं टोक काळं. आपल्याकडच्या जातीचं शास्त्रीय नाव व्हल्पिस बेंगालेन्सिस. भारतीय उपखंडाबाहेर ही जात कुठेच नाही. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या पेशींत ७८ गुणसूत्रं असतात आणि त्यांचा एकमेकांशी संकर होऊ शकतो. खोकडांची शाखा त्यांच्यापासून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. युरोपातल्या लाल खोकडात तर मूळ गुणसूत्रं फक्त ३४ आहेत. म्हणजे खोकड दिसायला कुत्र्याच्या जवळचं वाटलं, तरी नात्यानं ते कोल्ह्याहूनही लांबचं आहे.

सातपुड्यातलं दाट जंगल या प्राण्याला नको असतं. त्याला हवी मोकळी, कोरडी, दूरवर दिसेल अशी जमीन. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण, साक्री-शिंदखेड्याकडची बरड, पारोळा-अमळनेरकडची गायरानं, ही त्याला मानवणारी भूमी. सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुधा 'पडीक' म्हणतात, म्हणून पवनचक्क्या, सौरप्रकल्प, मुरुमाच्या खाणी असं सगळं आधी तिथेच येतं. मला हे फार खटकतं. खोकड तिथे उंदीर, टोळ, भुंगेरे, वाळवी, सरडे खातं, बोरांच्या दिवसांत बोरं खातं, कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्याही सोडत नाही. कापूस आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला उंदरांचा बंदोबस्त करणारा हा फुकटचा रखवालदार आहे.

नर-मादी जोडीनं राहतात. थंडीत जुगतात, मादी साधारण पन्नास-बावन्न दिवसांनी विते, आणि पिल्लांना दोघं मिळून वाढवतात. बीळ एकतोंडी नसतं. कधी दोन-तीन तोंडं, जुन्या बिळाला तर दहा-वीससुद्धा. एकच बीळ वर्षानुवर्षं वापरलं जातं. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाही जमिनीखाली गारवा असतो. दिवसा पिल्लं बिळाच्या तोंडाशी एकटी खेळताना दिसली, की माणसाला ती पोरकी वाटतात. ती पोरकी नसतात. आई-बाप आसपासच्या झुडपाखाली पडलेले असतात किंवा माणूस दिसल्यामुळे पुढे यायला धजत नसतात. आणि बिळाला धोका आहे असं वाटलं, तर ते स्वतःच पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवतात.

आता प्रश्न असा, की डोळेही नीट न उघडलेलं पिल्लू माणसानं वाढवलं तर ते कुत्र्यासारखं का होऊ नये?

याचं उत्तर सायबेरियात मिळालं. सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क इथे एक प्रयोग सुरू केला. तो प्रत्यक्ष चालवला ल्युदमिला त्रुत या संशोधिकेनं, आणि त्यांनी अख्खं आयुष्य त्याला दिलं. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या चंदेरी खोकडांपैकी, म्हणजे लाल खोकडाच्याच एका रंगछटेपैकी, ३० नर आणि १०० माद्या त्यांनी घेतल्या. प्रत्येक पिढीत पिल्लांची परीक्षा व्हायची. माणूस हातात खाऊ घेऊन पुढे करतो, अंगावरून हात फिरवायचा प्रयत्न करतो, तेव्हा पिल्लू चावतं, पळतं की जवळ येतं? सर्वांत कमी भित्र्या आणि कमी चावऱ्या जनावरांनाच पुढे वीण करू दिली जायची. नरांपैकी जेमतेम चार-पाच टक्के आणि माद्यांपैकी सुमारे वीस टक्के निवडले जात.

या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. या पिल्लांना मुद्दाम लळा लावला जात नव्हता. त्यांना शिकवण दिली जात नव्हती, माणसाशी त्यांचा सहवास ठरवून मोजकाच ठेवला होता. कारण बेल्यायेवांना पाहायचं होतं, की माणसाळणं रक्तात उतरतं का. बाटलीनं दूध पाजून, मांडीवर घेऊन जे साधतं ते त्यांना नकोच होतं. सहाव्या पिढीत पहिल्यांदा अशी पिल्लं दिसली, जी माणूस आल्यावर शेपटी हलवत, कुंईकुंई करत, हात चाटत. दहाव्या पिढीत त्यांचं प्रमाण १८ टक्के झालं, विसाव्या पिढीत ३५ टक्के. एवढी कडक निवड करूनसुद्धा विसाव्या पिढीतली बहुसंख्य पिल्लं त्या पातळीला पोहोचलेली नव्हती. शिवाय सुरुवातीची जनावरं जंगलातून पकडलेली नव्हतीच. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फरच्या व्यवसायातून आलेले, कैक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले होते. लोंबते कान, अंगावरचे पांढरे ठिपके अशी या प्रयोगात दिसलेली लक्षणं कॅनडातल्या जनावरांत आधीपासून होती का, यावर २०१९ नंतर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण वागणुकीत फरक पडला, याबद्दल वाद नाही.

हा फरक शरीरात कुठे पडला, हेही पाहिलं गेलं. खोकडाच्या पिल्लाला नव्या गोष्टीची भीती वाटायला लागण्याचं एक वय असतं. साध्या पिल्लात ती साधारण सहाव्या आठवड्यात जागी होते. निवडलेल्या वंशात ती नवव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे ढकलली गेली. त्यांचे डोळे एक दिवस आधी उघडू लागले, आवाजाला ती दोन दिवस आधी प्रतिसाद देऊ लागली. म्हणजे जग न घाबरता ओळखून घ्यायला त्यांना जास्त दिवस मिळाले. पुढे अॅड्रिनल ग्रंथीतून सुटणारी ताणाची संप्रेरकंही त्यांच्यात कमी आढळली. भीतीचं हे वेळापत्रक जनुकांत असतं. आपण माळावरून उचललेल्या पिल्लाला कितीही जीव लावला, तरी ते बदलत नाही. एक जनावर माणसाला सरावतं. जात पाळीव व्हायला पिढ्या लागतात.

म्हणून घरात काय होतं ते पाहा. गाईच्या दुधानं आधी हगवण लागते. त्यातून वाचलं तर दूध-पोळीवर वाढताना हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. पहिले काही आठवडे ते मजेनं खेळतं. मग भीती जागी होते. भांडं पडलं, पाहुणे आले, की पलंगाखाली. चार-पाच महिन्यांचं झालं, की रानातलं पिल्लू आई-बापांची हद्द सोडून स्वतःची जागा शोधायला निघतं. घरातल्यालाही तीच ओढ लागते, पण वाट बंद असते. ते रात्रभर दार खरवडतं, फरशीच्या फटी उकरतं, उरलेलं खाणं गादीखाली दडवतं, कोपऱ्याकोपऱ्यात मुतून हद्द आखतं. खोकडांच्या शेपटीवर वरच्या बाजूला एक गंधग्रंथी असते, तिचाही उग्र वास येतो. एखाद्या दिवशी ते घरातल्या पोराचा हात फोडतं, आणि मग त्याला दोरी लागते, पिंजरा लागतो, किंवा रात्री गाडीत घालून लांब नेऊन सोडतात.

परदेशांत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. सहारा वाळवंटातलं फेनेक हे जगातलं सर्वांत लहान खोकड, दीड किलोपर्यंतचं, त्याचे कान पंधरा सेंटीमीटरपर्यंत लांब. अमेरिकेतल्या काही राज्यांत ते पैसे देऊन घेता येतं. ब्रिटनमध्ये गावात चंदेरी खोकड भटकताना दिसलं, की ते कुणाचं तरी सुटलेलं असणार अशी शंका आधी येते, कारण तिथल्या रानात तो रंग फार दुर्मीळ. मोबाइलवर आपल्या पोरांना दिसतात ती गोड, हसरी खोकडं बहुधा तिकडची, फरच्या व्यवसायातल्या वंशाची. ती पाहून माळावरच्या पिल्लाला हात घालणं, ही त्या व्हिडिओंनी केलेली मोठी हानी आहे.

सुटलेल्या खोकडाला आपल्याकडे सर्वांत मोठा धोका कुत्र्यांचा. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास केला आहे. कुत्रा नजरेसमोर असला, की खोकडं समोर ठेवलेल्या अन्नाजवळ जायलाही कचरतात आणि कमी खातात, असं त्यांना दिसलं. रानातल्या खोकडाला हे भय कळतं. घरात कुत्र्याच्या शेजारी वाढलेल्याला ते कळत नाही, आणि गावकुसावरची टोळी त्याला फाडते. शिवाय डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग खोकडांना होतो आणि ती त्यानं मरतात. घरात राहून हा रोग घेतलेलं जनावर माळावर सोडलं, तर तिथल्या धडधाकट खोकडांवरही संकट येतं. म्हणून 'नेऊन सोडलं, सुटला बिचारा' यात सुटका कुणाचीच होत नाही.

दिवसाढवळ्या माणसाजवळ येणारं, न घाबरणारं खोकड दिसलं तर ते सुटलेलं पाळलेलं असू शकतं, पण त्याला रेबीज किंवा डिस्टेंपर झालेला असण्याचीही शक्यता असते. नुसतं पाहून हे ठरवता येत नाही. त्याला हात लावू नका, खायला घालू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. जंगली प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात, त्यामुळे लशीच्या जोडीनं जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शनही द्यावं लागतं.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार खोकड पकडणं हीसुद्धा शिकारच, आणि ते घरात ठेवणं गुन्हा. रानातलं जनावर ही सरकारची मालमत्ता मानली जाते. ते कोणत्याही कारणानं हाती आलं, तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. फेनेकसारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तेही नोंदणीशिवाय ठेवता येत नाहीत.

जेसीबीखाली बीळ फुटलंच तर काम तिथे थांबवा. पिल्लांना जखम नसेल तर त्यांना गावात आणू नका. वनविभागाला कळवून, त्यांच्या सल्ल्यानं त्याच जागी, सावलीत, उरलेल्या बिळाच्या तोंडाशी ठेवा आणि माणसं-कुत्री सगळी लांब हटवा. अंधार पडला की आई-बाप येऊन नेण्याची शक्यता चांगली असते. उसात सापडलेल्या रानमांजरांच्या आणि बिबट्यांच्या पिल्लांची अशी भेट महाराष्ट्रात वनविभागानं अनेकदा घडवून आणली आहे. आणि बीळ आधीच माहीत असेल, तर खुणेचे दगड लावून तेवढी चार-पाच गुंठे जागा मृगाच्या पावसापर्यंत नांगरायची राहू द्या. शेतावरच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींची लस टोचून घ्या. पाऊस पडेपर्यंत पिल्लं उंदीर धरायला शिकलेली असतात, आणि पेरणीनंतर ती त्याच शिवारात कामाला लागतात.