पडद्यावरची आग आणि सड्यावरचा वारा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात 28 जून 2013 रोजी वीज पडून यार्नेल गावाजवळच्या डोंगरावर वणवा पेटला आणि दोन दिवसांनी, 30 जूनच्या दुपारी, त्याने एकाच पथकातील 19 वनअग्निशामकांचा बळी घेतला. प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलातून उभे राहिलेले हे वीस जणांचे पथक होते आणि त्यातील फक्त टेहळणीवर असलेला एक जण वाचला. त्यांच्यावर 2017 मध्ये ‘ओन्ली द ब्रेव्ह’ हा चित्रपट आला. त्यात पेटलेले अस्वल जंगलातून धावत येण्याचे दृश्य आहे. सत्य घटनेवर बेतलेल्या कथेत ही प्रतिमा एखाद्या लोककथेतून उतरल्यासारखी वाटते, आणि कोकणातील वाचकाला ती फारशी परकी वाटू नये. रात्री डोंगरावर मशाली नाचवत निघणारी वेताळाची पालखी, किंवा काठी आणि दिवटी घेऊन गावाची सीमा राखणारा तळकोकणातला देवचार, यांच्या गोष्टी ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या आहेत.

चित्रपट आणि लोककथा या दोन्हींमध्ये आग दिसते ती ज्वाळेच्या रूपात, कारण डोळ्याला तीच भावते. चित्रीकरणासाठी बहुधा नळीतून सोडलेला प्रोपेन वायू जाळला जातो. त्याची ज्वाळा पिवळी व उंच असते, धूर कमी असतो आणि झडप फिरवली की ती विझते. खऱ्या वणव्यात गवत आणि लाकूड आधी तापते, त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते, मग साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या आसपास लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि जळतात ते हे वायू. ही प्रक्रिया अर्धवट राहिली की दाट धूर होतो, आणि त्या धुरात अग्निशामकाला कित्येकदा ज्वाळाच दिसत नाही. म्हणून वणवा विझवणाऱ्याचे खरे लक्ष ज्वाळेपेक्षा वाऱ्यावर आणि उतारावर असते.

उताराचे गणित सोपे आहे. चढावर ज्वाळा जमिनीकडे झुकते, तिची उष्णता वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवते आणि आग जणू स्वतःची वाट स्वतःच तयार करत वर सरकते. वणव्याचे अभ्यासक ढोबळमानाने असे मानतात की उतार 10 अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग दुप्पट होतो. आता आपला सडा, म्हणजे कोकणातले कातळी पठार, डोळ्यांसमोर आणा. जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात वाढलेले गवत पाऊस सरल्यावर वाळून पिवळे पडते, त्याच्या काठाने काजूची आणि आंब्याची कलमे असतात, आणि राब (पेरणीआधी शेतात पसरलेला पालापाचोळा) भाजताना एखादी ठिणगी बांधापलीकडे गेली तर तिला रोखणारे काही नसते. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारांवर आगीला वरच ढकलतात, म्हणजे वारा आणि चढ एकाच बाजूने जोर लावतात. सूर्यास्तानंतर मतलई वारे सुरू झाले की आगीची जी बाजू मागे राहिली होती, तिला पुढची बाजू होण्याची संधी मिळते. खालच्या वाडीतून पाहणाऱ्याला तेव्हा काळोखात डोंगराच्या अंगावर दिव्यांची रांग सरकताना दिसते. मशालींच्या पालखीची गोष्ट अशाच एखाद्या रात्री सुचली असेल, असा माझा नुसता तर्क आहे. परंतु ती रांग एकदा पाहिली की हा तर्क मनातून जात नाही.

यार्नेलला झालेला बदल मात्र रोजच्या वाऱ्याचा नव्हता. जवळच्या वादळी ढगांतून खाली आलेल्या गार हवेने वाऱ्याची दिशा फिरवली. ही क्रिया आपण वैशाख महिन्यात वळवाच्या पावसाआधी प्रत्यक्ष अनुभवतो. ढगातून पडणारा पाऊस वाटेत कोरड्या हवेत वाफ होतो, त्या हवेतील उष्णता शोषून घेतो, गारठलेली जड हवा जमिनीवर आदळून चौफेर पसरते, आणि थेंब पडण्याच्या आधीच धुळीचा गार लोट अंगावर येतो. अंगणातले वाळवण उचलायला लावणारा हाच वारा ॲरिझोनात पेटलेल्या झुडपांवरून गेला आणि तोवर कडेने रेंगाळणारी आग दऱ्यांतून उतरणाऱ्या पथकासमोर आडवी आली. पथक थोड्या वेळापूर्वी आधीच जळून गेलेल्या, म्हणून सुरक्षित असलेल्या जमिनीवर होते. आडोसा घेण्यासाठी जागा साफ करायला त्यांना दोन मिनिटेही मिळाली नाहीत.

हा आडोसा म्हणजे आग अंगावर आली की अंगावर ओढून आत पडून राहायचा घडीचा छोटा तंबू; तो प्रत्येकाजवळ होता. त्यावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर प्रारित उष्णता मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, परंतु ज्वाळा प्रत्यक्ष भिडली तर थरांना जोडणारा चिकट पदार्थ सुमारे 260 अंश सेल्सिअसला सुटू लागतो आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. हे आकडे मला चित्रपटातील कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक अस्वस्थ करतात.

आपल्या गावांत असा आडोसा नसतो. माणसे ओल्या डहाळ्यांनी गवतावरची आग झोडपतात आणि पुढचे गवत कापून जाळरेषा मोकळी करतात. पहाट हा त्यासाठी सर्वांत चांगला काळ असतो, कारण वाळलेले बारीक गवत हवेतला ओलावा तासाभरात घेते किंवा सोडते, आणि किनाऱ्यावरच्या दमट रात्रीनंतर ते सहज पेटत नाही. देवराईजवळ काम आणखी हलके होते. जिथे झाड तोडायला कोणी धजावत नाही, तिथल्या दाट सावलीत गवत फारसे उगवत नाही आणि पाचोळाही ओलसर राहतो. राखणदाराच्या भीतीने जपलेली ती सावली त्या जागी जाळरेषेचेच काम करते.

कोकण किनाऱ्याची गोष्ट सांगताना मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतले 14 एप्रिल 1944 चे अग्निशमन पथकही आठवावे लागते. आग लागून स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकीन जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. कापूस ज्वाळेशिवाय आतल्या आत धुमसतो आणि गाठीतल्या हवेवर बराच वेळ तग धरतो, त्यामुळे वरून मारलेले पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. त्या स्फोटांत 66 अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

हे धुमसणे सड्यावरही उरते. गवत जळून गेल्यावर काजूच्या जुन्या खुंटाची मुळे जमिनीखाली विस्तव धरून राहतात आणि दोन दिवसांनी दुपारचा वारा लागला की तिथूनच पुन्हा ज्वाळा उठते. म्हणून अनुभवी माणूस ज्वाळा गेल्यावर घरी जात नाही. तो राखेतून एकेका खुंटापाशी वाकतो, हाताची उलटी बाजू जवळ नेऊन ऊब अजमावतो, जिथे ऊब लागेल तिथे माती उकरून पाणी ओततो, आणि पुढच्या खुंटाकडे जातो.