बांबूची खुर्ची घेताय? मग आधी हे वाचा

आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येकजण विचारतो, ही खुर्ची सागवानी खुर्चीसारखी का दिसत नाही? पाठीला नुसत्या पट्ट्या का? उत्तर जरा लांब आहे म्हणून लिहूनच दिलंय.

सुरुवातीला आम्ही पण तेच केलं होतं. सागवानी खुर्ची समोर ठेवून तश्शीच माणग्यात, म्हणजे आमच्या कोकणातल्या बांबूत बनवली, पायांना भोकं पाडून आडव्या काठ्या ठोकून बसवल्या, दिसायला एकदम झकास. इथे कोकणात काही झालं नाही, पण पुण्याला पाठवलेल्या सहाच्या सहा खुर्च्यांना तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात भोकापासून खालपर्यंत उभी चीर गेली. बांबूचे धागे उभे असतात, गाठी सोडल्या तर त्यांना आडवं बांधून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे लांबीत ताकद जबरदस्त पण भोकात काठी ठासली आणि वरून बांबू सुकून आकसला की फाटणारच. कोयत्याचा एक घाव बसला की पुढे कसा सरळ उकलत जातो बघितलंय ना, तेच.

आकार एक आणि मटेरियल भलतंच, हे दुखणं मोठ्या डिझायनरांनाही चुकलेलं नाही. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनची ती प्रसिद्ध एस आकाराची प्लास्टिकची खुर्ची, मागचे पाय नसलेली, १९६७ मध्ये आली ती फायबरग्लासची, मग कडक फोमची झाली, मग अजून एका प्लास्टिकची, त्याला काही वर्षांनी तडे जायला लागले म्हणून १९७९ मध्ये बंदच करावी लागली, आणि पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकमध्ये आली थेट १९९९ ला. आकार तोच पण त्याला झेपेल असं मटेरियल शोधण्यात ३० वर्षं गेली. आमच्याकडे उलटं आहे, मटेरियल ठरलेलं, दारात उगवणारा माणगा, मग आकारच त्याला बघून काढला.

पायाला अख्खा माणगा वापरतो कारण तो जवळजवळ भरीव असतो, आणि जोड नेहमी गाठीजवळ, पाचर कुठेच नाही, स्टीलची पट्टी आणि बोल्ट. पाठीच्या पट्ट्या तासून ग्लू लावून प्रेसमध्ये दाबतो. तासायचं पण अगदी बेताने, कारण बांबूची खरी ताकद सालीजवळच असते, पण गुळगुळीत सालीला ग्लू धरत नाही, या दोन्हीच्या मधलं माप सापडायला आम्हाला बरेच महिने लागले. टेकून बसलात की पाठ किंचित मागे जाते, घाबरू नका, तशीच बनवलीय. ती लवचिकता आम्हाला फार आवडते, सागवानात ती मिळत नाही.

बांबूत स्टार्च असतो, त्याला भुंगेरे लागतात. म्हणून तीन-चार वर्षांचा तयार बांबूच घेतो, तोही पावसाळा संपल्यावर तोडलेला, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून मगच कामाला घेतो. हे पाण्यात विरघळणारं असतं, त्यामुळे खुर्ची पावसात भिजत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसलीत तर काही होत नाही.

बॉक्समध्ये एलन की आहे, पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या. खाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला, म्हणजे भुंगेरे लागल्याची खूण, तर रॉकेल वगैरे ओतू नका, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, बोल्ट असल्यामुळे तेवढाच पाय काढून नवीन बसवता येतो.