पुतळ्याच्या काखेतला चेंडू: हाइझमन ट्रॉफी आणि बचावपटू

हाइझमन ट्रॉफीचा पुतळा जवळून पाहिला की निम्मा वाद तिथेच कळतो. एका काखेत चेंडू, दुसरा हात अडवायला येणाऱ्याला झिडकारण्यासाठी ताठ पुढे. अडवणारा पुतळ्यात नाहीच. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीच्या या सन्मानाला मैदानावरच्या जागेचं बंधन नाही, पण केवळ बचावावर तो जिंकणं जवळजवळ अशक्य ठरलं आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने 1935 साली पहिला पुरस्कार शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला दिला, आणि 1936 मध्ये क्लबचे संचालक जॉन हाइझमन वारल्यावर त्याला त्यांचं नाव मिळालं. त्या काळी तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. खेळाडू बदलण्याचे नियम 1941 मध्ये सैल झाले, 1953 मध्ये पुन्हा आवळले आणि 1965च्या हंगामापासून पूर्ण मोकळे झाले. तिथून दोन वेगळ्या फळ्या झाल्या आणि पुरस्कार चेंडू हाताळणाऱ्या फळीकडे गेला. आक्रमणात सेंटर आणि बचावात लाइनबॅकर अशा दोन्ही जागी खेळणारा इलिनॉयचा डिक बटकस 1964 मध्ये तिसरा आला होता, तोही या वळणाच्या तोंडावरच.

मतदानाची पद्धत साधी आहे. सहा विभागांतून प्रत्येकी 145 असे 870 पत्रकार, शिवाय माजी विजेते आणि चाहत्यांचं मिळून एक मत. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने लिहायची. गुण 3, 2, 1. एवढे सामने कोणी डोळ्यांनी पाहू शकत नाही, म्हणून मत आकड्यांवर पडतं. आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हाती जवळपास प्रत्येक डावात चेंडू येतो. बचावपटूंचे टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणं) आणि सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) मात्र कॉलेज खेळांची संघटना एनसीएए अधिकृतपणे 2000 पासूनच मोजते. त्यातून बचावपटू जितका भारी, तितके त्याचे आकडे दबतात. पास झेलणाऱ्याला रोखणाऱ्या चांगल्या कॉर्नरबॅकच्या बाजूला कोणी पासच फेकत नाही. पुढच्या रांगेतल्या जबर लाइनमनवर दोन-दोन माणसं लावली की सॅक शेजाऱ्याच्या नावावर जातो.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण 2009चं. बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात नेब्रास्काच्या लाइनमन न्डामुकाँग सूने 12 टॅकल केले आणि टेक्सासविरुद्ध 4.5 सॅक काढले. टेक्सास 13-12 ने कसंबसं जिंकलं. मतमोजणीत टेक्सासचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय 1,145 गुणांनी तिसरा, सू 815 गुणांनी चौथा. ज्याला दिवसभर लोळवलं, तोच वर!

तरी ‘दुर्लक्ष’ हा शब्द पुरता बसत नाही. पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन 1980 मध्ये, नोत्र दामचा मँटाय टेओ 2012 मध्ये आणि मिशिगनचा एडन हचिन्सन 2021 मध्ये दुसरा आला. अडतं ते शेवटच्या पायरीवर. ती ओलांडणारा मिशिगनचा कॉर्नरबॅक चार्ल्स वुडसन. 1997 मध्ये त्याने 1,815 विरुद्ध 1,543 गुणांनी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला मागे टाकलं. पण ओहायो स्टेटविरुद्धचा त्याचा गाजलेला सामना आठवा: एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवण्याच्या पट्ट्यात) इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं, हे त्याचं मूळ काम, सोबत 37 यार्डांचा झेल आणि पंट रिटर्नवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने टोलवलेला चेंडू घेऊन, 78 यार्ड धावून टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण). चेंडू हातात आला, तेव्हाच मतं आली.

बचावासाठी वेगळे पुरस्कार आहेतच, सुरू झाल्याच्या सालासह: बटकस 1985, थॉर्प 1986, नागुर्स्की 1993, बेडनारिक 1995. आमच्या मते त्यांनी मतदारांना पळवाटही दिली. बचावपटूला तिकडे मान मिळतोच, मग हाइझमन कशाला?

कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर 2024 मध्ये जिंकला तो कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर (पास झेलणारा) अशा दोन्ही जागी खेळून: 4 इंटरसेप्शन आणि 96 झेल, 1,258 यार्ड, 15 टचडाउन. नुसत्या त्या 4 इंटरसेप्शनवर त्याला कोणी पहिलं मत दिलं असतं, असं वाटत नाही. 2021 मध्ये देशात सर्वाधिक सॅक अलाबामाच्या विल अँडरसनचे होते. तो पाचवा आला, आणि विजेता होता त्याच्याच संघाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग.