वारंवार धुतल्याने केस अधिक तेलकट होतात का?

केस वारंवार धुतले की डोक्याची त्वचा भरपाई म्हणून जास्त तेल सोडते, तेव्हा काही आठवडे कळ काढावी म्हणजे तेलकटपणा आपोआप कमी होतो, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. मात्र त्याला आधार नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी किती तेल स्रवतील हे मुख्यतः अँड्रोजेन संप्रेरके आणि आनुवंशिकता यांवर ठरते, आणि म्हणूनच वयात येताना केस मेणचट होऊ लागतात. शाम्पू केवळ वर साचलेले तेल काढतो, ग्रंथींना त्याचा पत्ताही नसतो. धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी भांगाजवळची बट कपाळाला चिकटते ती नेहमीच्याच वेगाने झिरपलेल्या तेलामुळे, आणि सरळ केसांवरून ते कुरळ्या केसांपेक्षा लवकर खाली उतरते. उलट, केस न धुतल्याने कोंडा वाढू शकतो, कारण त्याच्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी याच तेलावर जगते; अशा डोक्यावर आणखी तेल थापणे (आजीची क्षमा मागून) टाळलेलेच बरे. तेलकट केस सौम्य शाम्पूने रोज किंवा दिवसाआड धुण्यास हरकत नाही. कोरड्या, कुरळ्या केसांना आठवड्यातून एकदाही पुरते. शाम्पू बोटांच्या पेरांनी मुळांशी चोळावा, टोकांना ओघळणारा फेस पुरेसा असतो, आणि कंडिशनर मात्र टोकांनाच लावावा.