प्रवृत्ती आणि निवृत्ती

हिंदू विचारपरंपरेत मानलेले जीवनाचे दोन मार्ग. घरसंसार, यज्ञ, दान, राज्यकारभार अशी विहित कर्मे करीत राहणे ही प्रवृत्ती; फळाची इच्छा सोडून आत्मज्ञानाकडे वळणे ही निवृत्ती, आणि तिची परिणती बहुधा संन्यासात होते. वेदोक्त धर्म असा दुहेरी असून जगाची स्थिती त्यावरच टिकून आहे, असे शंकराचार्य गीताभाष्याच्या आरंभी म्हणतात. श्रेष्ठ कोणता, यावर मात्र कधीच एकमत झाले नाही.

उपनिषदांतच दोन्ही सूर आहेत. पुत्र, वित्त आणि लोक (परलोक) यांच्या तिन्ही एषणा, म्हणजे इच्छा, टाकून भिक्षेवर राहणारे ब्रह्मज्ञ बृहदारण्यकात भेटतात; ईशावास्य मात्र कर्मे करीतच शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी असे सांगते. धर्मशास्त्राने आश्रमव्यवस्थेतून वाट काढली. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम हे पर्याय होते, मनुस्मृतीत ते एकापाठोपाठ एक आले, आणि देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये असे बंधन पडले. जाबालोपनिषदाला हे मान्य नाही: वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे.

वादाची खरी धार महाभारताच्या शांतिपर्वात दिसते. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर वनात जायला निघतो, तेव्हा अर्जुन त्याला मुंडन करून भिक्षेला लागलेल्या जनकाची (विदेहाच्या राजांना जनक म्हणत) कथा सांगतो. मूठभर धान्याची गरज उरलीच असेल तर सर्वत्यागाची प्रतिज्ञा राहिली कुठे, असे त्याची राणी त्याला सुनावते. त्याच पर्वात पुढे उलटी बाजूही येते. धर्मध्वज नावाचा जनक सिंहासनावर राहूनच आपण मुक्त असल्याचे सांगतो. भगवी वस्त्रे आणि दंड ही त्याच्या मते नुसती बाह्य चिन्हे. सुलभा ही भिक्षुणी त्याला विचारते, मुक्त असशील तर ‘तू कोण, कोणाची’ हा भेद तुला सुचलाच कसा? राजा निरुत्तर होतो. संसारात राहूनही अलिप्त असल्याचा दावा करणे किती सोपे असते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दाखवले असेल.

गीता त्यागाची जागा बदलते: सोडायचे ते कर्म नव्हे, फलासक्ती. तरी भाष्यकारांत फूट पडलीच. शंकराचार्यांच्या मते कर्माने चित्त शुद्ध होते, मोक्ष मात्र केवळ ज्ञानाने. दोहोंचा समुच्चय, म्हणजे दोन्ही मिळून मोक्षाचे साधन मानणे, त्यांना अमान्य आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी ज्ञान्यानेही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज नीट चालावा म्हणून, अखेरपर्यंत कर्म करावे असे प्रतिपादन केले. कर्मयोगाच्या बाजूने आधुनिक काळात झालेली ही सर्वांत सविस्तर मांडणी म्हणता येईल.

या चर्चेत एक गोष्ट सहसा बाजूला पडते. संन्यासाचा अधिकार धर्मशास्त्राने सर्वांना दिलेला नव्हता. शूद्रांना आणि स्त्रियांना तो बहुतेक ग्रंथकारांनी नाकारला. त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. मराठी संतपरंपरेत हा पेच निराळ्या वाटेने सुटला. नामदेव, सावता माळी, एकनाथ हे सारे संसारी, आणि परमार्थासाठी घर सोडण्याची अट त्यांनी मानली नाही. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ हा दासबोधातला उपदेश मात्र स्वतः प्रपंच न केलेल्या रामदासांचा आहे.